कागदाच्या तळाची ओळ

देवासच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. साठेक कॉम्प्युटर, अकरा प्रिंटर, आणि दिवसभर कुणी ना कुणी दारात उभं असतं, "मॅडम, प्रिंट नहीं निकल रहा." या नोकरीत पहिल्या दोन वर्षांतच मी एक नियम करून टाकला होता. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा नाही. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषी. तो नसेल तर एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही. कंपनीचा दुभाषी त्या एका प्रिंटरसाठीच बनवलेला असतो, पण येताना सगळं खटलं घेऊन येतो. शाईची जाहिरात, नोंदणीचा आग्रह, कोपऱ्यात सारख्या उघडणाऱ्या खिडक्या. दुसरा, सामान्य ड्रायव्हर, कॉम्प्युटरबरोबरच येतो, शंभर प्रिंटरना एकच. त्याला प्रत्येकाच्या खोडी ठाऊक नसतात, पण साधं काम तो निमूट करतो. मला तो आवडायचा. "छापून येतंय ना? मग झालं," हे माझं ठरलेलं वाक्य. स्टोअरवाल्यांना म्हटलं, गेटवरच्या पासवाल्यांना म्हटलं, आणि धारला बाबांनाही म्हटलं.

बाबा धारच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. पण गावातल्या मराठी घरांना ते माहीत होते मंगलाष्टकांसाठी. लग्न ठरलं की हॉल आणि आचारी यांच्या आधी बाबांकडे निरोप यायचा. मग ते त्या घरी जाऊन चहा पीत माहिती घ्यायचे. कुलदैवत कोणतं, मुलगी काय शिकली, मामा कुठले, हयात आजी-आजोबा किती. आणि हे सगळं एकोणीस अक्षरांच्या ओळीत बसवायचे. एकदा नवरा मुलगा गिअर बनवणाऱ्या कारखान्यात होता, तर बाबांनी गिअरसुद्धा शार्दूलविक्रीडितात बसवला. वरपक्षाने टाळ्या वाजवल्या होत्या. मोबदला म्हणून नारळ यायचा, कधी मांडूहून येणारी कुणी मंडळी सीताफळं आणायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर हेच त्यांचं काम होऊन बसलं होतं.

लिहून झालं की कागद स्वयंपाकघरात जायचा. आई कणीक मळता मळता ती कडवी चालीवर म्हणून बघायची. अक्षरं मोजून बरोबर असली तरी गळ्यात अडकणारी ओळ तिला लगेच कळायची. "इथे श्वास पुरत नाही," एवढंच म्हणायची आणि परातीकडे वळायची. शाळेत मुख्याध्यापकांचंही न ऐकणारा माणूस मुकाट्याने ओळ बदलायचा. आणि मग छापील कागदाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, एक ओळ असायचीच: चालीवर म्हणून तपासले, मंडळींकडून. बाबांनी आईचं नाव कधी उच्चारलं नाही, लिहिण्याची तर गोष्टच सोडा. त्यांच्या तोंडी ती कायम "आमची मंडळी". लोक चेष्टा करायचे, "सर, मंडळींनी पास केलं का?" आई म्हणायची, मला कशाला ओढता त्यात. पण कागद हातात आला की तिची नजर आधी तळाला जायची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आई गेली, त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न झालं. मधल्या तीन वर्षांत बाबांनी जी काही मंगलाष्टकं लिहिली, त्या सगळ्यांच्या तळाशी ती ओळ तशीच होती. एका नातेवाइकाने न राहवून विचारलं, "आता कोण तपासतं, अण्णा?" बाबा म्हणाले, "लिहिताना मला ऐकू येतं ना."

त्यांचा प्रिंटर मी घेऊन दिला होता, आई असतानाच. तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या सीडीवरून कंपनीचाच ड्रायव्हर टाकला होता, कारण त्या जुन्या कॉम्प्युटरला दुसरं काही चालत नव्हतं. छापायला दिलं की एक खिडकी उघडायची. तिच्यात पानाचं छोटं चित्र, आणि शेजारी प्रश्न, कागद कोणता? बाबा चष्मा सावरून दर वेळी ए-फोरवर टिचकी मारायचे. मला ती खिडकी डोक्याला ताप वाटायची. बाबांना ती फार पसंत होती. "सभ्य आहे," म्हणायचे. "विचारल्याशिवाय काही करत नाही."

लग्नाच्या आधीच्या दिवाळीत त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. मी देवासहून फोनवरच धारच्या दुकानात नवा सांगितला. दुकानदार म्हणाला, "दीदी, अब ड्राइवर-व्राइवर का झंझट ही नहीं है. तार लगाओ, अपने आप ले लेता है." मी म्हटलं, अगदी बरोबर, तसंच करा. त्याने घरी जाऊन तार जोडली, एक पान छापून दाखवलं आणि गेला. त्याची चूक काहीच नव्हती. मी स्वतः गेले असते तरी हेच केलं असतं.

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. "अगं, ती खिडकी येत नाही."

"कुठली खिडकी?"

"कागद विचारणारी."

"आता ती लागत नाही बाबा. सरळ प्रिंट द्यायचं. छापून येतंय ना?"

"येतंय."

"मग झालं."

आठवड्याभराने पुन्हा फोन. या वेळी ते जरा चाचरतच म्हणाले, की कागदाखाली कोरी जागा थोडी जास्त राहतेय असं वाटतं. मी म्हटलं, "राहू दे की. फूटपट्टी घेऊन कोण बसणार आहे?" ते म्हणाले, "डोळ्यांचंही असेल माझ्या." एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मी म्हटलं, "डोळ्यांचंच असेल." देवासहून धार म्हणजे इंदूर ओलांडून जायचं, गर्दी लागली तर तीन तास. पण त्यासाठी जायचीही गरज नव्हती. इथे बसल्या बसल्या त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून मी कंपनीचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून टाकून देऊ शकले असते. परक्या माणसांसाठी मी ते रोज करते.

मुलीचं लग्न देवासलाच होतं. ती शाळा हिंदीत शिकली, कॉलेज इंग्रजीत. मराठी बोलते, पण वाचायला घेतलं की अक्षरांवरून ठेचकाळत जाते. "आई, आजोबांचं मला पटापट पढता नाही येत, पण ऐकायला एकदम मस्त लागतं," असं ती लहानपणापासून म्हणायची. म्हणून बाबांनी तिच्यासाठी सोपे शब्द शोधून आठ कडवी लिहिली होती. फोनवर विचारलं तर सांगायचे नाहीत. "कागद आल्यावर बघ." लग्नाच्या दोन दिवस आधी माझा चुलतभाऊ त्यांना गाडीतून घेऊन आला. मांडीवर दीडशे कागदांचा गठ्ठा, पांढऱ्या नाडीने बांधलेला. गाडीत डिकीत ठेवू दिला नाही म्हणे.

घरात तेव्हा नुसता गलका होता. आत्या येऊन बसलेल्या, मेंदीवाली जागा मागतेय, आचाऱ्याचा माणूस तुपासाठी दारात. बाबांनी गाठ सोडली, वरचा कागद काढून दोन्ही हातांनी मला दिला आणि उभे राहिले. निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे. मी कडवी वाचलीच नाहीत. माझी नजर थेट तळाला गेली. तळ कोरा होता.

"बाबा, आईची ओळ?"

"काय?"

"आईची ओळ नाही खाली. गावातल्या सगळ्या परक्या लग्नांना घातलीत, आणि नातीच्या लग्नात विसरलात?"

मी हे हळू म्हटलं नाही. मला हळू बोलता येत नाही, त्यातून दोन रात्रींची झोप नव्हती, आणि आई त्या घरात कुठेच नाही याचा राग मी कुणावर काढावा हे मला कळत नव्हतं. बाबांनी खिशातून भिंग काढलं, कागदाचा तळ बघितला. मग पाठ बघितली. मग गठ्ठ्याच्या मधून एक कागद ओढला, आणखी एक ओढला. सगळे तसेच.

"मी काहीतरी लिहिणार होतो खरा," ते म्हणाले. "नेहमीचं नाही. वेगळं. मग... विसरलो असेन."

"असू दे आता," मी म्हटलं. ते ज्या सुरात म्हटलं त्यापेक्षा न म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने पाहिलं तर ते जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून प्रत्येक कागदाखाली हाताने ती जुनी ओळ लिहीत होते. चालीवर म्हणून तपासले, मंडळींकडून. हात कापायचा त्यांचा. ओळ वर चढायची, मग उतरायची. तीस-चाळीस कागद झाले असतील. मी हातात वाट्यांचा ट्रे घेऊन तिथून जात होते. जाता जाता म्हटलं, "बाबा, राहू द्या ते. वेडंवाकडं दिसतंय. पाहुण्यांच्या हातात द्यायचेत." त्यांनी पेनाला टोपण लावलं. लिहिलेले कागद वेगळे काढले, नीट सारखे केले आणि आपल्या पिशवीत ठेवून दिले.

लग्नात मंगलाष्टकं उत्तम झाली. आत्यांनी म्हटली, लोकांनी वाहवा केली, माझ्या लेकीचे अंतरपाटामागे डोळे भरून आले. पहिलं कडवं नेहमी बाबा स्वतः म्हणत. त्या दिवशी म्हणाले, घसा बसलाय.

चार-पाच दिवसांनी ऑफिसात फोन आला. रजेत साचलेलं काम माझ्यापुढे पडलं होतं, समोर दोघं जण उभे होते. बाबा नेहमी आधी माझी विचारपूस करायचे, त्या दिवशी नाही केली.

"अगं, कॉम्प्युटरवर तर ओळ आहे."

"कुठली?"

"तुझ्या आईची. तळाला आहे. आत्ता उघडून बघितलं मी."

मी म्हटलं, "मग घरी गेल्यावर तुम्हीच घातली असेल, बाबा."

ते म्हणाले, "घातल्याचं मला आठवत नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

"हं," ते म्हणाले. "असेल."

हे बोलणं मी किती वेळा मनात फिरवलंय याला मोजदाद नाही. स्क्रीनवर आहे आणि कागदावर नाही, असं स्टोअरच्या माणसाने सांगितलं असतं तर माझा पहिला प्रश्न असता, कागदाचं माप काय लावलंय? तो प्रश्न माझ्या जिभेवर असतो. झोपेतून उठवून विचारलं तरी मी तोच विचारीन. बाबांना मी विचारला नाही, कारण उत्तर मी आधीच ठरवून बसले होते. म्हातारा माणूस आहे, विसरतो. आणि कहर म्हणजे त्यांच्या हातात त्यांच्या बाजूचा पुरावा होता, तो घेऊन ते माझ्याकडे आले होते, आणि मी तोच पुरावा त्यांच्या विरुद्ध फिरवला.

त्यानंतर त्यांनी एकही मंगलाष्टक लिहिलं नाही. एक जुना विद्यार्थी मुलीच्या लग्नासाठी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवलं. "आता माझ्याकडून विसरायला होतं," म्हणाले, "तुझ्या घरच्या कार्यात घोटाळा नको." मी महिन्यातून एकदा धारला जायचे तेव्हा घरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. गॅस बंद केला, सकाळी नऊ. कुलूप ओढून पाहिले. दूधवाल्याशी बोललो. कोपऱ्यावर पोह्यांच्या गाडीपाशी त्यांचा सकाळचा कट्टा होता, तिथे जाणं बंद झालं. एकाने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "क्या हो गया साब को? भिया-भिया करके बुलाते हैं तो बस हाथ हिला देते हैं." भिया म्हणजे आमच्याकडचं भैया. बाबांना भीती होती की समोरच्याचं नाव ऐन वेळी आठवणार नाही. एकदाही तसं झालं नव्हतं, तरी भीती होती.

मी त्यांना इंदूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शब्द विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी सगळं केलं. डॉक्टर हसून म्हणाले, "इस उम्र में इतना तो चलता है, बिल्कुल ठीक हैं." गाडीत मी म्हटलं, "ऐकलंत ना? काही झालेलं नाही तुम्हाला." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "डॉक्टरांना कुठे ठाऊक आहे मी काय विसरलो ते," म्हणाले.

खरं विसरणं त्यानंतर दीड वर्षाने सुरू झालं. त्याचा आणि त्या कागदाचा संबंध नाही, डॉक्टरांनी मला हे दोनदा समजावून सांगितलं आणि मी ते मानते. दुखणं मी आणलं नाही. पण मधलं दीड वर्ष त्यांचं होतं. डोकं ठिकाणावर होतं, हातात ओळ होती, गावाला त्यांची गरज होती. ते दीड वर्ष त्यांनी स्वतःच्याच घरात संशयिताप्रमाणे काढलं. ते मात्र मी घेतलं त्यांच्याकडून. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

आता ते देवासला माझ्याकडे असतात. सकाळी गच्चीवरच्या उन्हात बसतात, पुढ्यात कायम काहीतरी निवडायला लागतं, मटार, मेथी, काहीही. कधी मी "बाळ" असते, कधी "बाई". बाई असले की मला अहो-जाहो करतात आणि खुर्ची पुढे करतात. मी सवय करून घेतली आहे.

या हिवाळ्यात त्यांच्या पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. यंत्रावर अंगठा उमटेना, म्हणून बँकेने कागदी फॉर्म भरून मागितला. रविवार होता, ऑफिस बंद. धारहून आणलेला बाबांचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर त्यांच्या खोलीत चादरीखाली होता. इथे आणल्यापासून मी तो उघडला नव्हता. जोडला, फॉर्म छापला. वरचं सगळं ठीक आलं, नाव, पत्ता, खातं. जिथे अंगठा घ्यायचा तो चौकोनच आला नाही. पुन्हा छापला. पुन्हा नाही. स्क्रीनवर चौकोन तळाला स्वच्छ दिसत होता.

तेव्हा मी माझा तो प्रश्न विचारला, आणि सेटिंग उघडून पाहिली. ए-फोर नव्हतं. लेटर होतं, म्हणजे परदेशात चालतो तो कागद, आपल्यापेक्षा बोटभर आखूड. सामान्य ड्रायव्हर आला तेव्हा त्याने ते माप आपल्या मनाने धरलं होतं आणि कुणाला विचारलं नव्हतं. तळाच्या त्या बोटभर जागेत जे काही असेल ते कागदावर येतच नव्हतं. फॉर्म तिथेच राहिला. मी पलंगाच्या कडेवर बसले.

मग प्रिंटरच्या पाठीवरचा मॉडेल नंबर वाचून कंपनीचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवला. नुसतं माप बदलूनही भागलं असतं, हे मला कळत होतं. तरी मी तोच टाकला. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागला, त्याहून जास्त नाही. बाबांच्या मंगलाष्टकांचा फोल्डर उघडला. माझ्या लेकीच्या लग्नाची फाइल शेवटची आली. उघडण्याआधी मी तिच्यावरची तारीख पाहिली. लग्नाच्या नऊ दिवस आधी ती शेवटची साठवली होती. त्यानंतर तिच्यात कुणी एक अक्षरही घातलेलं नव्हतं.

ती छापायला दिली. खिडकी उघडली, कागद विचारला, मी ए-फोर सांगितला. कागद बाहेर आला तो मी उलटा धरला, कारण बघायचा धीर होईना. मग सरळ केला. तळाशी बारीक अक्षरांत नेहमीची ओळ नव्हती. तिथे असं होतं:

चालीवर म्हणून पाहणारी आता नाही. म्हणताना कुठे अडखळलात, तर दोष माझा.

आणि त्याखाली आईचं नाव. आधी सौ. नाही, कै. नाही, मंडळी नाही. नुसतं नाव, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं. मी तोंडावर पदर दाबून रडले, कारण बाहेर ते बसले होते आणि कुणी रडलं की ते फार अस्वस्थ होतात.

तोंड धुऊन मी कागद घेऊन गच्चीवर गेले. ते मटार सोलत होते. मी समोर जमिनीवर बसले. त्यांनी लगेच खुर्चीकडे बोट दाखवलं, "बाई, वर बसा, खाली गार आहे." म्हणजे आज मी बाई होते. तरी मी सांगितलं. थांबण्यात अर्थ नव्हता, उद्याचा दिवस आणखी वाईट असू शकतो. लग्न कसं होतं, कागद कसे आले, ओळ कशी नव्हती, सगळ्यांसमोर मी काय बोलले. फोन आला तेव्हा काय म्हटलं. आणि आज काय सापडलं. ओळ तेव्हाही तिथे होती, प्रिंटरचं माप चुकलं होतं, आणि ती चूक माझी होती. शाळेत पालकांचं ऐकायचे तसं त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मटाराचे दाणे ओंजळीतच राहिले होते.

"म्हणजे ते विसरले नव्हते," ते म्हणाले.

"नाही. अजिबात नव्हते विसरले."

"आणि तुम्ही त्यांना बोललात."

"हो. फार बोलले."

त्यांनी दाणे पातेल्यात टाकले, हात धोतराला पुसले आणि कागद घेतला. वाचला की नाही मला सांगता येणार नाही. बराच वेळ धरून मात्र होते. मग हळूच घडी घातली आणि मला परत दिला. मला धीर द्यावा तसा माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मग हे तुमच्या वडिलांना सांगा," म्हणाले. "आजच सांगा. त्यांना फार बरं वाटेल."